तुरटी फिरवलेला समुद्र

परतूरला समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यावरून कुणाचा गैरसमज व्हायला नको. आमच्याकडे सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकणाऱ्या बाईची पाटी. वारा त्या बाजूने असला की समुद्र बसस्टँडपर्यंत येतो.

माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, जावळ, पासपोर्ट. स्टुडिओच्या मागे आमचं घर आणि दोघांच्या मध्ये बिनखिडकीची एक खोली. रोल धुण्याच्या काळात ती डार्करूम होती. रोल गेले, नाव राहिलं. पुढे बरीच वर्षं त्या खोलीत काहीही तयार होत नव्हतं, तरी मी आत गेलो की बायको गिऱ्हाइकांना सांगायची, "आत काम चालू हाय." मी आत भुईमुगाच्या शेंगा खात बसलेला असायचो. माणसाला अशी एक खोली लागते.

मग मी मायक्रोस्कोप घेतला. फार मोठा नाही, हौशी लोक घेतात तसला. वरच्या भिंगाला मोबाईल अडकवायची क्लिप होती, म्हणजे दिसेल त्याचा फोटो निघणार. कुणी विचारलं तर मी सांगायचो, धंद्यासाठी आहे. गावाने त्याला दुर्बीण म्हणायचं ठरवलं आणि ते मी बदलू शकलो नाही. पहिल्या आठवड्यात मी कांद्याचं साल पाहिलं, डासाचा पाय पाहिला, नाल्याचं पाणी पाहिलं. मग आमच्याच टाकीतलं टँकरचं पाणी पाहिलं आणि जेवताना त्याचं वर्णन करायला लागलो. बायकोने हात वर करून मला थांबवलं.

"अहो, आम्हाला ते पाणी प्यायचंय."

त्या दिवसापासून घरच्या पाण्याबद्दल बोलायला मला बंदी आहे.

अशातच मोबाईलवर मला समुद्रकाठच्या हौशी लोकांचे फोटो दिसले. एका थेंबात काचेच्या डब्या, काचेच्या होड्या, आरपार दिसणारे जीव, आणि त्या जिवांच्या आत धडधडणारं हृदय. पन्नाशीकडे निघालेली माणसं देवाकडे वळतात, नाहीतर गुडघ्यांकडे. मी समुद्राकडे वळलो.

पण समुद्र आणायचा कुठून? मी आधी खडे मीठ विरघळवलं. शेवटी मीठ समुद्रातूनच येतं. त्यात मला पोत्याचे धागे सापडले, उत्तम प्रतीचे. मग बाजारातून सुकट आणली आणि भिजत घातली. त्यात मिशा होत्या, पाय होते, एक डोळाही होता, पण हे सगळं कोणा एकाचं होतं असं ठामपणे म्हणता येईना. डार्करूमचा वास स्टुडिओत आला. तिथे एक होणारा नवरदेव स्थळासाठी फोटो काढायला बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो फोटोत आला. ते स्थळ जमलं नाही.

त्याच सुकटीच्या पाण्यात एके दिवशी मला तो दिसला. गोल गरगरीत, भोवती काळी कड, आत झळाळी. मी फोटो काढला, मोठा केला, फ्रेम केली आणि काउंटरच्या मागे लावली. खाली पट्टी चिकटवली: सागरी जीव. लोक येऊन बघून गेले. शेजारी बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्याचे मालक रोज सकाळी माझ्याकडे पेपर वाचायला येतात, कारण पेपर माझा असतो. त्यांनी बराच वेळ फोटो न्याहाळला.

"तोंड कुठून हाय याला?"

मी तोंड दाखवलं. तोंड दाखवल्यावर त्यांनी शेपूट विचारलं, मी शेपूटही दाखवलं.

महिन्याभराने तोच जीव मला सोड्याच्या बाटलीतल्या थेंबात भेटला. मग साध्या पाण्यात. मग थुंकीत. तो हवेचा बुडबुडा होता. काचपट्टीवर पातळ काच नीट ठेवली नाही की मध्ये हवा अडकते, नवशिक्यांच्या बाबतीत असं होतंच. मी फ्रेम उतरवली आणि त्या खिळ्याला घड्याळ लावलं. बायकोने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिवण पुढे चालू ठेवलं.

आता शिवणाचं सांगतो, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. माझी बायको ब्लाउज शिवते. सध्या पाठीवर आरी वर्क, म्हणजे आकड्याच्या सुईचं भरतकाम, केलेल्या ब्लाउजची चलती आहे. त्यासाठी कापड लाकडी चौकटीवर ताणून बांधावं लागतं आणि काम पुरं होईपर्यंत ती चौकट हलवायची नसते. आमच्या घरात न हलणारी जागा नव्हती. चौकट सकाळी बैठकीत, दुपारी पलंगावर आणि पाहुणे आले की भिंतीला टेकवून. एका मोठ्या ऑर्डरची नक्षी अशीच वाकडी गेली आणि तिला पुन्हा सगळे टाके उसवावे लागले. संध्याकाळी तिने सरळ सांगितलं, डार्करूम मला पाहिजे.

मी उभा राहिलो. विज्ञान, कला आणि माणसाची जिज्ञासा यांवर बोललो. मला वाटतं मी चांगलं बोललो. शेवटी माझा आवाज थोडा भरूनही आला.

"झालं?" ती म्हणाली. "मंग असं करा. समुद्रातला एक जित्ता जीव टीव्हीवर दाखवा, सगळ्यांसमोर. जीव हाय का न्हाई ते आत्याबाई सांगतील. हाय म्हणल्या तर खोली तुमची, मी पुन्हा नाव काढणार न्हाई. न्हाई म्हणल्या तर माझी."

आत्याबाई म्हणजे माझी माय. माय मेंढपाळाच्या घरातली. लहानपणी मेंढरांमागे चालली, लग्नानंतर शेतात राबली, समुद्र तिने कधी पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही कधी बोलून दाखवली नाही. गल्लीतले तंटे तिच्याकडे येतात, कारण ती कुणाच्याच बाजूने नसते. यात मीही आलो. तिने पंचगिरी कबूल केली, पण एक अट घातली.

"हलला पाह्यजे."

"माय, काही जीव हलत नसतात."

"मेंढरू बसलेलं असलं अन् कान बी हलवत न्हाई, तर मी त्याला मेंढरू म्हणत न्हाई."

"मंग काय म्हणतीस?"

"कातडं."

अट लागू झाली.

माझा मेहुणा ट्रक चालवतो. जालन्याहून लोखंडी सळया घेऊन समुद्राकडच्या बांधकामांवर जातो. मी त्याला फोन लावला आणि सूचना दिल्या. पाणी सकाळचं घ्यायचं. जरा गढूळ दिसेल तिथलं. कॅन स्वच्छ पाहिजे, डिझेलचा वास बिलकुल नको. अर्धाच भरायचा, झाकण सैल ठेवायचं म्हणजे आतल्यांना हवा मिळेल. ऊन लागू द्यायचं नाही.

"दाजी," तो म्हणाला, "मागच्या खेपेला धाकट्या बहिणीची सासू बसली व्हती गाडीत, तिची बी एवढी काळजी घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं."

तो शनिवारी दुपारी आला. कॅन खरोखर सावलीत, त्याच्या सीटच्या मागे दोरीने बांधलेला. सैल झाकणातून वाटेत पाणी हिंदकळलं होतं.

"तुमच्या समुद्रानं माझी चादर भिजवली. वाळल्यावर मीठ आलं तिच्यावर. अन् एवढा अख्खा समुद्र पडला व्हता तिथं, तुम्हाला अर्धाच कॅन पाह्यजे. काठावरचे लोक बघून राह्यले व्हते माझ्याकडं."

मी डार्करूममध्ये गेलो आणि दार लावलं. पहिल्या थेंबात वाळू. दुसऱ्या थेंबात वाळू आणि एक बुडबुडा, ज्याला मी आता ओळखत होतो. पुढच्या एका थेंबात कडेकडून काहीतरी आलं आणि गेलं. मी काचपट्टी सरकवली. ते परत आलं.

त्याला एकच डोळा होता, लाल, कपाळाच्या मधोमध. पायांच्या तीन जोड्या, सगळ्या केसाळ. चाल अशी, की एक झटका मारायचा, थांबायचं, जणू आता पुढे काय करावं हा विचार करायचा, आणि मग दुसरा झटका. पुढे वाचून कळलं की समुद्रात कोट्यवधींनी असणाऱ्या झिंग्याच्या दूरच्या भाऊबंदांचं ते पिल्लू होतं. माशांच्या पिल्लांचं ते पहिलं अन्न. मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ते हलतंय. नुसता कान नाही, अख्खं हलतंय.

मी मोबाईलवर रेकॉर्डचं बटण दाबलं. मोबाईल म्हणाला, जागा नाही. जागा बदनापूरच्या एका हळदीने खाल्ली होती, नवरीच्या मामांचा नाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी नाच पुसेपर्यंत थेंब सुकला.

मला त्याचं काही वाटलं नाही. उद्या सकाळी ताजा थेंब घ्यायचा आणि थेट टीव्हीवर दाखवायचा. स्टुडिओत मोठा टीव्ही आहे, गिऱ्हाइकांना अल्बम दाखवायला. मी पायरीवर उभा राहिलो आणि शेजारच्या दुकानदारांना ऐकू जाईल अशा बेताने जाहीर केलं, "उद्या सकाळी समुद्र. चहासकट."

"तोंड कुठून हाय ते आधीच सांगून ठेवा," ते आतून म्हणाले.

मग मी कॅन गारव्याला ठेवला. घरात सगळ्यात गार जागा म्हणजे स्वयंपाकघरात माठाशेजारी. चूक म्हणायची तर ही. मी परतूरमध्ये वाढलेला माणूस, मला कळायला पाहिजे होतं. आमच्याकडे माठाशेजारी उभ्या असलेल्या पाण्याला नशीब एकच.

सकाळी मी कॅन उचलला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. इतकं, की कॅनपलीकडची चहाची बरणी दिसत होती. तळाला पिंजलेल्या कापसासारखा मळकट थर बसला होता. मी कॅन हातात धरून उभा राहिलो. मायने मागून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"किती घाण बसली बघ. गढूळ व्हतं सगळं. पहाटं उठून तुरटी फिरवली मी, चांगली बराबर फिरवली. एवढे लोक बोलावलेत तू, अन् त्यांना गढूळ पाणी दावतो का?"

टँकरचं पाणी येतं तेव्हापासून या घरात गढूळ पाण्यात तुरटी फिरते. ती दोऱ्याला बांधलेली असते, चार-दोन वेढे द्यायचे, गाळ खाली बसतो, पाणी नितळतं. हे काम माय दुसऱ्या कुणाला करू देत नाही, कारण दुसऱ्यांचे वेढे चुकतात. आजारी असताना सुद्धा ती उठून तेवढं करून जाते.

मी खोलीत जाऊन वरचं पाणी पाहिलं. ते पिण्यालायक वाटलं. मग तळाचा थर ड्रॉपरने उचलला. काचपट्टीवर पांढरे भुरभुरीत ढग पसरले आणि त्यांत सगळा समुद्र अडकलेला होता. कालच्याच जातीचा एक एकडोळ्या तिथे सापडला. डोळा अजून लाल होता. पाय तिन्ही जोड्या पसरलेले. मी त्याला बराच वेळ पाहिलं, तो विचारात आहे का म्हणून. तो विचारात नव्हता.

पण मग मी काचपट्टी थोडी सरकवली. कालच्या थेंबात क्वचित एखादी दिसली असती अशा काचेच्या डब्या इथे ढिगाने होत्या. यांना डायटम म्हणतात. एका पेशीची शेवाळं. प्रत्येक जण स्वतःभोवती काचेचं कवच बांधतो आणि त्या कवचाला ओळीने भोकं. काही गोल, मधल्या ठिपक्यातून चहूकडे निघालेल्या रेघा. काही लांबट होडीसारख्या, दोन्ही बाजूंना बारीक दात. तुरटीने पाण्यातला कण न् कण गोळा करून खाली आणला होता. ज्या कामाला मला महिना लागला असता ते मायने चहाच्या आधी उरकलं होतं. फक्त त्यातलं काही हलत नव्हतं.

लोक आले. म्हणजे शेजारचे दुकानदार आले आणि मेहुणा टेबलाजवळच्या खुर्चीवर झोपेतच होता. बायको दारात टेकून उभी. मायला मधली खुर्ची, टीव्हीच्या बरोबर समोर. मी केबल जोडली आणि होडीसारखा एक लांबट डायटम ओलांडून एक गोल डायटम पडद्यावर आणला. तो ताटाएवढा झाला.

मी बोलायला सुरुवात केली. सांगितलं की हे घर आहे, काचेचं, ते बांधणारा डोळ्यांना दिसत सुद्धा नाही, आणि आपण जो श्वास घेतो त्यातला मोठा वाटा हे आणि यांच्यासारखे समुद्रात बसून तयार करतात.

"हे सोड्याच्या बाटलीचं बूच हाय," दुकानदार म्हणाले.

"गप बसा जरा," माय म्हणाली. "हलू द्या त्याला."

आम्ही थांबलो. चहा आला. आम्ही चहा पिऊन पुन्हा थांबलो. मायने पापणी हलवली नाही. व्यायला झालेल्या मेंढीजवळ ती अशीच बसत असणार. मला तिच्याकडे बघवेना. मी गुडघ्याने टेबलाला हळूच धक्का दिला. पडद्यावर डायटम थरथरला.

"हललं!" मी म्हणालो.

"टेबल हाललं," माय म्हणाली.

मेहुणा झोपेतच हसला. दुकानदारांनी चहाचा कप खाली ठेवला, कारण त्यांना दोन्ही हात हसायला लागत होते.

माय उठून टीव्हीजवळ गेली. काचेवर बोट न लावता तिने त्या रेघा हवेत मोजल्यासारख्या केल्या. मग म्हणाली, "चांगलं हाय. लई चांगलं हाय. कुणीतरी मन लावून केलेलं हाय. पण ह्यो जीव न्हाई."

निकाल लागला. आता मला एवढंच म्हणायचं होतं की पंचांनीच आरोपींना पहाटे मारलं. काल सगळे जिवंत होते, मी डोळ्यांनी पाहिलं. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि आयुष्यात इतकं चांगलं वाक्य मला फारसं सुचलेलं नाही. मी मायकडे पाहिलं. ती आपल्या खुर्चीवर परत बसली होती आणि दुकानदारांना सांगत होती, "पण पाणी बघा किती नितळ झालंय. आणलं तवा बघायला पाह्यजे व्हतं तुम्ही."

मी म्हणालो, "पाणी मातर एक नंबर झालंय."

"खोली?" बायकोने दारातून विचारलं.

"तुझी."

सगळे गेल्यावर मी केबल काढायला लागलो. तिने माझा हात धरला.

"राहू द्या तसंच. अन् आत्याबाईंना सांगितलं न्हाई ते बरं केलं."

म्हणजे तिला माहीत होतं. स्वयंपाकघरात ती रोज मायच्या आधी असते. मला विचारायचं होतं, की मग तू तुरटी थांबवली का नाहीस? पण ती तोवर आतून बटर पेपर घेऊन आली होती. तो तिने टीव्हीच्या काचेवर लावला, चिकटपट्टीने चार कोपरे पक्के केले आणि पेन्सिलने तो डायटम उतरवायला लागली. रेघ न् रेघ, भोक न् भोक.

"ह्यो झाला की ती होडी आणा," ती म्हणाली. "मधोमध."

डार्करूममध्ये आता आरीची चौकट आहे. ती भिंतीला पट्ट्या ठोकून पक्की केली आहे. कोपऱ्यात एक छोटं टेबल मला दिलं आहे, त्यावर मायक्रोस्कोप, आणि शेंगा बाहेर खायच्या असा नियम. गोल डायटमचं नाव गिऱ्हाइकांत चाळणी पडलं आणि लांबट डायटमचं होडी. बाया येतात, उभ्या उभ्या सांगतात, "वहिनी, मला होडीवालं, पण जरा बारीक." पहिली चाळणी शेजारच्या दुकानदारांच्या बायकोने घेतली. मी दुकानदारांना विचारलं, तोंड कुठून आहे. त्यांनी त्या दिवशी स्वतःचा पेपर विकत घेतला.

मेहुणा अधूनमधून कॅन आणतो. वेगळ्या किनाऱ्याचं पाणी, वेगळी नक्षी. माय तुरटी फिरवते आणि बोलावते, "तुझ्या दुर्बिणीचं पाणी झालं रे." हे खरंच आहे, तिच्याशिवाय माझे फोटो निघाले नसते. मी तिच्या आधी वाटीभर गढूळ पाणी काढून ठेवतो. एकडोळ्या मला पुन्हा भेटला, त्याचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत, झटके मारतानाचे. ते मी मायला दाखवलेले नाहीत. दाखवले तर ती विचारणार, मग पहिल्या खेपेला हा कुठं होता.

परवा परतूरमध्येच एका नातेवाइकांकडे लग्न होतं. शूटिंग माझंच. माय पुढच्या रांगेत बसलेली. नवरीची आत्या माझ्यासमोरून जेवणाच्या मांडवाकडे निघाली. तिच्या पाठीवर गर्द निळ्या कापडावर रुपेरी चाळणी होती, आमच्याच घरची. बाई ठसक्यात चालत होती. पाठीवर समुद्र डावीकडे झुलायचा, मग उजवीकडे. मी कॅमेरा वळवून जवळ घेतला. मग सवयीने मायकडे पाहिलं. तीही तिकडेच बघत होती, मान पुढे काढून.

"हललं," ती म्हणाली.

मी कॅमेरा चालू ठेवूनच तिच्याजवळ गेलो. "मंग निकाल बदल. खोली माझी."

मायने पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या सुनेकडे पाहिलं. सून पुढे वाकली आणि माझ्याशी बोलली, आवाज तोच, ब्लाउजचं माप सांगतानाचा.

"चौकट भिंतीला ठोकलीय. तुम्ही तिकडं बघा, नवरी आली."